फ्लॅशशिवायची उडी

आमच्या ह्यांचा हात मोडला तेव्हा रंगपंचमी तोंडावर आली होती. गाडी घसरली, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि कॅमेऱ्याचं बटण तर उजव्याच बाजूला असतं. हातातली लग्नाच्या फोटोंची कामं त्यांनी मित्राला देऊन टाकली. पण रहाडीचं काम कुणी घेईना. त्या दिवशी नाशकातले सगळे फोटोवाले कुठं ना कुठं अडकलेले, आणि जे मोकळे ते म्हणायचे, रंगात कॅमेरा घालून वाटोळं कोण करून घेणार.

रहाड काय असते ते मला लग्न होऊन इथं येईपर्यंत माहीत नव्हतं, मी वणीकडची. जुन्या नाशकात चौकांच्या खाली दगडी हौद हायेत. वर्षभर बुजवलेले असतात, वरून रिक्षा जातात, कुणाला कळतबी नाय. रंगपंचमीला ते उघडतात, रंगाचं पाणी भरतात, पूजा होते आणि मग लोक वरून उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. आणि पहिल्या धप्प्याचा मान एका ठरलेल्या घराचा असतो, ते घर उडी मारत नाय तोवर बाकी कुणी पाण्याला पाय लावत नाय.

त्या मानाच्या घरातली ताई आमच्या ओळखीची, रहाडीचं काम तिनंच सांगितलेलं. तिच्या मुलीच्या बारशाचे फोटो ह्यांनी काढलेले. ती घरी आली, ह्यांचा हात बघितला आणि मटकन खालीच बसली. सांगायला लागली की तिच्या बाबांची ही शेवटची उडी, डॉक्टरांनी आता बस म्हणून सांगितलंय, पुढच्या वर्षापासून मान भावाकडं जाणार. इतकी वर्षं बाबा उडी मारतायत आणि घरात एक धड फोटो नाय. मोबाईलमध्ये नुसत्या लोकांच्या पाठी, आणि मग उडालेलं पाणी. तिला बाबा हवेत असलेला एक फोटो पायजे होता, भिंतीवर लावायला.

हे म्हणाले, "ही काढेल."

मी चहा गाळत होते. मला वाटलं दुसरं कुणी आलंय दारात, मी वळून बघितलं.

मला सगळ्याचीच भीती वाटते, लहानपणापासून. गर्दीची, पाण्याची, इंग्रजीची. शाळा आठवीत सुटली. कॅमेरा मी पुसायचे, बॅटरी चार्जिंगला लावायचे, एवढंच. आणि उडी ती, डोळ्याचं पातं लवेस्तोवर माणूस पाण्यात. ताई गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, तुम्ही मला मारायला निघाले का. ते म्हणाले, उद्या सकाळी पोरीला उठव, ती उड्या मारंल, तू काढ.

आमची लेक तीन वर्षांची. तिला कॉटवरून उडी मार म्हणून सांगायची गरजच नाय, नको म्हणून सांगावं लागतं. ती उडायची आणि मी बटण दाबून धरायचे. एक फोटो निघायचा. मग कॅमेरा गप्प. तोवर पोरगी खाली पडून, हसून, परत वर चढलेली.

हे म्हणाले, आधी तो फ्लॅश बंद कर. फ्लॅशला दरवेळी दम भरायला वेळ लागतो, त्याच्यासाठी कॅमेरा थांबतो. आता आमच्याकडं फ्लॅश कायम चालूच. कारण लग्नात फ्लॅश पडला नाय की लोक जागचे हलत नायत. भर उन्हात सुद्धा. उजेड चमकला तर फोटो निघाला, नायतर फोटोवाला नुसतं नाटक करतोय असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून ह्यांना सवयच लागलेली.

फ्लॅश मिटवला तर कॅमेरा खट खट खट खट वाजला आणि परत थांबला, मागं लाल दिवा लुकलुकायला लागला. मी घाबरून बटण सोडलं, म्हटलं मोडला. हे हसले. म्हणाले, मोडला नाय, तुंबला. गिरणीत वरून दाणे भसाभसा ओतले आणि खालून पीठच पडंना तर काय होईल, तसं झालंय. ते एकेका फोटोच्या दोन प्रती ठेवायचे, एक नेहमीची आणि एक कच्ची, लय जड. त्यांना शिकवणाऱ्यानं सांगितलेलं की कच्ची कधी सोडायची नाय. ती सोडली. नेहमीच्या फोटोचा आकारबी एक पायरी खाली आणला, भिंतीवर लावायला तेवढा पुष्कळ होतो म्हणाले. कॅमेरा फोटो काढता काढताच आपल्या मनानं रंगसफाई करतो, तीबी बंद केली. मित्राकडून चांगलं पळणारं कार्ड आणलं. आणि एवढं करूनबी कॅमेरा मधीच घुर्र घुर्र करून माणूस शोधत बसायचा, तर त्यांनी शिकवलं की माणूस जिथून उडणार ती कड आधीच नीट दिसंल अशी धरायची आणि लेन्सच्या अंगाचं बारकं बटण सरकवून टाकायचं, म्हणजे तो शोधत बसत नाय. उन्हात कॅमेऱ्याचा वेग वाढवायचा, म्हणजे उडणाऱ्याचे पाय पुसट येत नायत.

सगळं इंग्रजीत. मी अक्षरं वाचत बसले नाय, जागा पाठ केल्या, कुठल्या चित्राखाली कितवी ओळ. दहादा चुकले. त्या सगळ्या दिवसांत ते एकदाबी म्हणाले नायत की दे इकडं. डावा हात होता ना त्यांना, ओढून घेता आला असता.

खालच्या काकू वर आल्या, सकाळपासून काय कुटताय म्हणून. कळल्यावर तिथंच पाय पसरून बसल्या आणि पोरीला म्हणाल्या, "अजून उंच मार गं, तुझी आई अजून कच्ची हाय."

रंगपंचमीला दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. हे पोरीला घेऊन समोरच्या घराच्या गॅलरीत बसले, प्लास्टर भिजायला नको म्हणून. मला ताईनं त्यांच्या ओट्यावर स्टुलावर उभं केलं. कॅमेऱ्याला तांदळाची पारदर्शक पिशवी बांधलेली, पुढं लेन्सपुरतं भोक आणि रबर. हौद पिवळ्याधमक पाण्यानं भरलेला, दोन पुरुष खोल. मी कड धरली, बारकं बटण सरकवलं. 

पूजा झाली. बाबा हौदाच्या कडेला आले, पांढरं धोतर, बंडी, टोपी. पाण्याला हात जोडले आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी चाचणीला एक फोटो काढला. बाबा उभेच. लोक ओरडतायत, हलगी वाजतेय, आणि बाबा हात जोडून उभे.

मग ते म्हणाले, "बाई, फ्लॅश पडला नाय."

ताईचा भाऊ ओरडला, "वहिनी, फ्लॅश मारा ना, बाबा थांबलेत." कुणीतरी म्हणालं, वहिनी घरून सेल आणायला विसरल्या. सगळे हसायला लागले. हलगीबी थांबली.

माझं बोट फ्लॅशकडं गेलं. उघडला असता तर सगळे खूश झाले असते, बाबांनी उडी मारली असती, आणि माझ्या हाती एकच फोटो, तो कडेला उभे असलेला. मी गॅलरीकडं बघितलं. ह्यांना खालचं काहीच ऐकू येत नव्हतं, पोरगी त्यांचा कान ओढत होती. त्यांनी मला नुसता प्लास्टरचा हात वर करून दाखवला.

एवढ्या माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाय. माझा आवाज मलाच परक्यासारखा वाटला.

"बाबा, फ्लॅश नाय पडणार. बिनफ्लॅशचाच निघणार हाय. तुम्ही मारा उडी, मी बघतेय."

"निघंल ना नक्की?"

"निघंल."

 बाबांची माझी ओळख ना पाळख, आणि ह्या चौकात त्यांचा शब्द सगळे मानतात. त्यांनी टोपी नीट केली, परत हात जोडले आणि उडी मारली.

मी बटण दाबलं आणि सोडलंच नाय. काय दिसलं ते आजबी सांगता येणार नाय. खटखट खटखट ऐकू येत होतं, ते थांबत नव्हतं, एवढंच कळत होतं. मग पिवळं पाणी तोंडावर आलं आणि मागोमाग सगळा चौक हौदात पडायला लागला.

ताईनं मला हाताला धरून घरात नेलं. पिशवी तिनंच सोडली. हे आले, पोरीला खाली ठेवलं आणि डाव्या हातानं फोटो उघडले. मी बघत नव्हते, मी ताईचं तोंड बघत होते.  मग तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हा मी बघितलं. बाबा हवेत. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, धोतर फुगलेलं, टोपी डोक्याच्या वर एक वीत वेगळीच उडतेय, आणि हात अजून जोडलेले. त्याच्या पुढं एक, त्याच्या मागं एक, अशी सगळी उडी ओळीनं होती.

मला लय रडू आलं. ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात सोडला म्हणून, ताईनं दुसरं कुणी शोधलं नाय म्हणून. आणि सगळ्यात जास्त बाबांसाठी. सगळा चौक हसत असताना ह्या माणसानं माझ्यासारखीचं ऐकलं आणि आपली शेवटची उडी माझ्या हवाली केली. माझ्या बापानंबी कधी माझ्या शब्दावर पाय उचलला नव्हता.

बाबा आत आले, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, टॉवेल गुंडाळलेला. ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि फोटो दाखवायला लागली. भराभर दाबलं की बाबा खरंच उडी मारल्यासारखे दिसायचे. ते बघत राहिले. मग म्हणाले, उलटं जातं का. मी दाखवलं, हे बटण. त्यांनी बोट पुसलं आणि दाबलं, तसं पाणी मिटलं, बाबा हौदातून वर आले, टोपी डोक्यावर बसली, आणि ते कडेला कोरडे उभे राहिले. मग परत उडी. परत वर.

ताई म्हणाली, "बाबा, ताट वाढलंय, चला."

"तुम्ही बसा," ते म्हणाले, "मी एवढी एक मारून आलो."