खाटेएवढी जागा

तो फोटोंना फ्रेम करायचा. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या दुकानाला त्यानं घराची मागची खोली जोडून घेतली होती, आणि त्या खर्चावर टॅक्समध्ये सूट मिळेल का, हे विचारायला माझ्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात आला होता. बोलताना त्याची वीत सारखी माझं टेबल मोजत होती.

"पूर्ण खोलीत धंदाच चालते ना?" बिलं चाळत मी विचारलं.

"हव साहेब. कोपऱ्यात फक्त मायची खाट आहे. एवढीशी." त्यानं टेबलावर वितींनी खाट मोजून दाखवली.

"मग तेवढ्या जागेची सूट नाही भेटत," मी मान वर न करताच म्हणालो.

टेबलावरची वीत हळूच मिटली.

दिवाळीनंतर त्याच्या दुकानावरून जात होतो. कोपऱ्यात काचा रचल्या होत्या. मला पाहून तो लगबगीनं बाहेर आला.

"साहेब, मायले बहिणीकडं दुर्गले सोडून आलो. आता पूर्ण दुकानच आहे. भेटन ना पूर्ण सूट?"

"हव," मी म्हणालो.

खाटेएवढ्या जागेची ती सूट वर्षाला एका फ्रेमच्या किमतीहून जास्त नव्हती. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दिवाळीनंतरच्या त्या दिवशीही माझ्यानं सांगवलं नाही.