आत्याच्या आल्बममधलं पहिलं पान

दुसऱ्याच्या सहीकडे भिंग लावून बघणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली: एक रजिस्ट्री कचेरीतला कारकून आणि दुसरी माझी वरवट बकालची आत्या. कारकून पगारासाठी बघतो. आत्या हौसेखातर बघते, आणि तिची नजर जास्त कडक आहे. लग्न होऊन कपाशी पिकवणाऱ्या घरात आली तेव्हापासून, म्हणजे पन्नासएक वर्षं, ती जुन्या सिनेमांतल्या नटनट्यांना पत्रं लिहून सहीचे फोटो मागवते. बरं, हिरोंचे नाहीत. "त्याहिले साऱ्या दुनियेची पत्रं जातात, ते कायले आपलं वाचतीन?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या आल्बममध्ये डाकू आहेत, खाष्ट सासवा आहेत, हातोडा आपटणारे न्यायाधीश आहेत, आणि दर सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात मरणारा एक सज्जन बाप आहे.

नुसता फोटो मागणं आत्याला ओशाळवाणं वाटतं. म्हणून प्रत्येक पत्रात ती एक प्रश्न विचारते, आणि फोटोपेक्षा तिचा जीव त्या उत्तरात जास्त अडकतो. डाकूला तिनं विचारलं, घोड्यावरून कधी पडलात का? त्यानं कळवलं की ताई, मी घोड्याला भितो, लांबून दौडताना दिसतो तो दुसराच कोणीतरी असतो. हे उत्तर तिनं गावभर सांगितलं. मरणाऱ्या बापाला विचारलं की मेल्यावर श्वास किती वेळ रोखावा लागतो. त्यानं फोटो पाठवला, उत्तर मात्र दिलं नाही. "खरंच मेला असंन बिचारा," आत्या म्हणाली आणि तिनं त्या दिवशी गोड केलं नाही. न्यायाधीशाची सही हाताची की छापील, असा तिला संशय आला, तेव्हा तिनं बोट ओलं करून सहीवरून फिरवलं. सही साफ पुसली गेली. "पाह्य, खरी होती व!" ती आनंदानं ओरडली. तिच्या मते आल्बममधला सगळ्यात अस्सल फोटो तोच, ज्यावर आता सहीच नाही.

आल्बम बघायचा तर आधी साबणानं हात धुवावे लागतात. पुण्याच्या भाचेजावयाला तिनं दोनदा धुवायला लावले, कारण पहिल्या खेपेला बोटांना शेवेचा वास आला. आत्याचे यजमान, आमचे मामाजी, लग्नानंतर दोन वर्षांनी आल्बमला पहिल्यांदा हात लावू शकले, असं ते स्वतःच सांगतात.

पहिल्या पानावर होत्या एक बाई, ज्यांनी जन्मभर पडद्यावर आईचं काम केलं. फोटोसोबत त्यांची तीन पत्रं होती. आत्यानं विचारलं होतं, सिनेमातल्या इतक्या पोरांमध्ये तुमचा लाडका कोण? उत्तर होतं, "जेवणाच्या सुट्टीत जो माझ्याशेजारी येऊन बसतो, तो." आत्याला स्वतःचं मूल नाही. हे वाक्य तिनं आम्हा भाचरांना इतक्यांदा ऐकवलं, की तिच्याकडे जेवायला बसताना आमची शेजारच्या पाटासाठी मारामारी व्हायची.

गेल्या हिवाळ्यात त्याच बाई दर्शनाला शेगावला आल्या. उतरल्या होत्या त्या लॉजचा मालक मामाजींच्या नात्यातला. त्यानं फोन केला. आत्यानं मला खामगावहून बोलावून घेतलं. "मोठ्या मानसायसंग मले बोलता नाही येत व," ती म्हणाली. हे मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होते.

बाई खाटेवर शाल घेऊन बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या, पण आवाज तोच. आत्यानं आल्बम उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हात धुवायला सांगायचं चक्क विसरली. बाईंनी एकेक पत्र वाचलं. लाडक्या पोराच्या ओळीवर त्या थांबल्या, हसल्या, मग शाल डोळ्यांना लावली.

"ही सही माझी नाही हो," त्या म्हणाल्या. "हे अक्षर माझ्या ताईचं. माझी सगळी पत्रं तीच लिहायची. इतकं छान लिहायची, हे मला आज कळतंय."

मी आत्याकडे बघायचं टाळलं. पन्नास वर्षांचं पहिलं पान एका वाक्यात खोटं ठरलं होतं. आत्यानं खुर्ची पुढे सरकवून विचारलं, "मंग तुमची ताई कशी होती जी?"

बाई तासभर बोलल्या. ताई सेटवर डबा घेऊन यायची, कोपऱ्यात बसून पत्रं लिहायची, रडण्याच्या प्रसंगात बाईंच्या आधी तिचेच डोळे भरायचे. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घर बदलताना तिच्या वह्याही गेल्या, हातचं अक्षर म्हणून काही उरलं नाही. एवढं सांगून बाई त्या पत्रांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांनी मागितलं काहीच नाही. आत्यानं फोटोचे चारही कोपरे सोडवले, पत्रांची घडी घातली आणि सगळं त्यांच्या हातात दिलं.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "निदान त्यांची खरी सही तरी घ्यायची होतीस."

"त्याहिचे हात किती कापत होते, पाह्यलं नाही काय तू?" आत्या म्हणाली. "मी ज्या बाईची मैत्रीण होती, ते दुसरीच निंगाली. पन होती तर खरी."

बस वरवटच्या फाट्याला वळली तशी ती एकदम माझ्याकडे वळली. चेहरा असा, की मला वाटलं आल्बम लॉजवरच राहिला.

"पोरी," ती म्हणाली, "त्या ताईचं नाव इचारायचं राह्यलंच व."

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना मुंबईला पत्र टाकलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यात फोटो मागितला नव्हता, नुसता प्रश्न होता. उत्तर अजून आलेलं नाही. दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली, की आत्या हातातलं काम ठेवून ओसरीत येते. तो मान हलवतो. "असू दे," ती म्हणते, आणि त्याला पाणी आणायला आत जाते.