नाण्यावर मिळालेली ढाल

दवनीवाड्यात ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या झटपट बुद्धिबळाचा अंतिम डाव होता. समोर जिल्ह्यातला सर्वात तयारीचा खेळाडू. घड्याळांत मोजके सेकंद उरले, तेव्हा पटावर फक्त दोन राजे होते. बरोबरी! इतका सुंदर डाव मी आयुष्यात खेळलो नव्हतो.

बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "पण जितला कोन?"

"दोघंबी सारखेच जी," मी म्हणालो.

"असं कसं? ढाल तं एकच आहे!"

आणि त्यांनी चक्क खिशातून नाणं काढून उडवलं. छापा पडला म्हणून ढाल माझ्या हातात कोंबली. माझं डोकं सणकलं.

"मंग आमी एवढा वेळ काय करून राहिलो होतो जी?"

"इकडे पाहा, फोटो काढून राहिले," ते म्हणाले.

त्या फोटोत माझा प्रतिस्पर्धी टाळ्या वाजवतो आहे. हरलो असतो तर इतकं लागलं नसतं.