समतानं बसवलेली मोठी चाकं

मोताळ्यात टायरचं दुकान बाई चालवते म्हणून आधी लोक हसायचे. आता टायर बसवायला तिच्याकडेच येतात आणि वरून तिलाच अक्कल शिकवतात. समताचा एकच नियम. मोठं चाक बसवलं की गाडीत माणसं बसवायची, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवायचं आणि टायर कुठं घासतो का ते खाली वाकून पाहायचं. मगच गाडी बाहेर.

गजेंद्रनं पुण्याहून जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. तिची मूळ चाकं त्याला बारकी दिसली. दोन इंच मोठी चकचकीत अलॉय आणि रुंद टायर त्यानं मागवले. समता म्हणाली, मडगार्डखाली जागा कमी आहे, एक इंच पुरे. गजेंद्र ऐकतो कुठं! बसवली. रिकाम्या गाडीत टायर आणि पत्रा यांच्यामधून कसंबसं बोट जात होतं.

माणसं बसवून पाहणार, तोच गजेंद्रची आई शालूबाई लिंबं घेऊन आली. तिचं म्हणणं, चाकाखालचं लिंबू फुटलं की गाडी सरळ न्यायची, थांबवायची नाही. समताचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, अंधश्रद्धेविरुद्धच्या सभेत ती तोंड फाडून हेच सांगते. पण चार लोकांत गजेंद्र म्हणाला, "समताताई, तुमच्या हातचं काम. त्याले काय पाह्यचं?"

बौद्धवाड्यातल्या या पोरीला त्याच्या घरातल्या कोणी आजवर ताई म्हटलं नव्हतं. ती विरघळली. लिंबं फुटली.

पुढच्या सीटवर सासरवाडीसाठी पेढ्यांची खोकी, आणि शालूबाई व सून पुष्पांजली मागे दाटीवाटीनं. गाडीची मागची बाजू दबली आणि टायर-पत्र्यामधली बोटभर फट मिटली. तिनं हात केला, पण गाण्यांच्या दणक्यात गाडी बुलढाण्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा. फोन उचलेना. पुढं राजूर घाट. तिनं स्कूटी काढली.

घाटातल्या वळणावर गाडी उभी दिसली. जळक्या रबराचा वास सुटला होता. पत्र्यानं मागच्या टायरची कड सोलली होती, आतले दोरे दिसत होते. लिंबानं वाचवलं, असं शालूबाईंचं चाललं होतं.

"लिंबू काय वाचवते, मावशी? मी पाह्यलं पाह्यजे होतं. नाई पाह्यलं," समता म्हणाली.

गजेंद्रचं म्हणणं, हळूहळू नेतो, सासरचे गाडी पाहायला रस्त्यावर उभे आहेत. समतानं खिडकीतून हात घालून किल्लीच काढली.

"ए, किल्ली दे." ताई संपली होती.

"जुने चाकं आल्यावर देईन."

"उद्या तुह्या दुकानावर कोण येते ते पाह्यतोच मी."

पुष्पांजली पुढची सीट ढकलून खाली उतरली आणि सासूलाही हात धरून उतरवू लागली. समतानं भावाला, अश्वजितला फोन लावला. जुनी चारही चाकं टेम्पोत टाक, जॅक आण म्हणाली.

"अन् कोणी इचारलं तं सांग, काम मह्याच हातून फसलं."