अण्णांचं मलकपेठ

त्या वर्षी माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. अर्धांगाच्या झटक्यानं अण्णांची, माझ्या वडिलांची, वाचा गेली होती. पाय हळूहळू सावरले, पण शब्द फुटेना. नांदेडच्या घरी सकाळी त्रिसरण म्हणताना त्यांचे ओठ नुसते थरथरायचे. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी रोज मागत होते, आणि रोज हिरमुसत होते.

अण्णांचा जन्म हैदराबादचा. आजोबा मलकपेठच्या रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. ते अकाली गेले आणि आजी पोरांना घेऊन गावी परतली. अण्णांनी ते शहर पुन्हा पाहिलं नाही, पण त्याच्या गोष्टी सांगून आम्हालाही त्याचं वेड लावलं. धाकट्या भावाला तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, दिलसुखनगरला त्यानं खोली घेतली, तेव्हा मी अण्णांना घेऊन निघालेच. "अशा अवस्थेत कशाला नेतेस?" नातेवाईक म्हणाले. मी पिशवी भरत राहिले.

नामपल्ली स्टेशनवर उतरलो आणि मी हरखून गेले. हॉटेलांतून येणारा चहाचा वास, एकाच पाटीवर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी, रस्ता विचारला तर दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत सोबत येणारी माणसं. अण्णांनी सांगितलं होतं, त्याहून हे शहर दिलदार निघालं.

मलकपेठेत मात्र, अण्णा जिथं वाढले त्या मोतद्दारांच्या चाळीचा मागमूस नव्हता. तिथं नव्या इमारती आणि एसटीडी बूथ. अण्णा भिंतींवरून हात फिरवत गल्लीत हिंडले आणि एकाएकी भर उन्हात मटकन खाली बसले. चेहरा घामानं डबडबलेला. मी घाबरून हाका मारू लागले.

समोरचं दार उघडलं. पांढऱ्या ओढणीतल्या एक वयस्कर बाई धावत आल्या. "क्या हुआ इनकू? धूप में कायकू बिठाए? अंदर लेको आओ." आम्ही दोघींनी त्यांना आत नेऊन पलंगावर टेकवलं. बाई ओढणीच्या पदरानं वारा घालत त्यांच्याशी बोलत राहिल्या, "क्या होना बोलो, भाईसाब?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आणि म्हणाले, "पानी होना."

पाणी हवंय म्हणत होते! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे त्यांचे आजारानंतरचे पहिले शब्द, हे बाईंना काय ठाऊक! त्यांनी पाणी पाजलं आणि सहज गाव विचारलं, "कां के हैं आप?"

"यहींच का हूँ, आपा," अण्णा म्हणाले, आणि ढसाढसा रडू लागले.

डॉक्टर पुढं म्हणाले, लहानपणची बोली कधी कधी अशी आधी परतते. असेल. मी वाद घालत नाही. वाचा यावी ती मराठीतच, घरातच, वंदनेच्या ओळींतूनच, असं मी मनाशी ठरवून बसले होते. ती आली एका अनोळखी माऊलीच्या घरात, मला न येणाऱ्या हैदराबादी दखनी बोलीतून. करुणेनं कुठल्या दारानं यावं, हे आपण कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी भावासोबत हुसेनसागरच्या बुद्धमूर्तीला गेलो. पाण्यात उभी ती शांत, उंच मूर्ती पाहून मी हात जोडले. मनात एकही मागणं उठलं नाही. परतीच्या नावेत अण्णांनी अडखळत, त्याच दखनीत नावाड्याला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. पण तो खो खो हसला, अण्णाही हसले, आणि मी डोळे पुसत त्या दोघांकडे बघत राहिले.