आत्याचं आभारप्रदर्शन

आमच्या बदलापूरच्या आत्याइतका कडक माणूस अख्ख्या कर्जत लाइनवर दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका शाळेत ती चौथीचा वर्ग घ्यायची. खरं तर ती सगळ्या जगाचाच वर्ग घ्यायची. लग्नाच्या पंगतीत पोरांना उंचीप्रमाणे बसवायची, आणि मंगलाष्टकांत जांभई देणाऱ्या भटजींना "रात्री झोप झाली नाही वाटतं?" असं सगळ्यांदेखत विचारायची. दर शिक्षकदिनाला तिला गुलाब, नारळ आणि शाल मिळे. नारळाची चटणी व्हायची, पण शाली इतक्या साठल्या की तिच्याकडे शिलाई मशीनलाही शाल होती आणि कुकरलाही. "शाल पांघरून तहान भागत नाही रे," ती म्हणायची.

हे ती अगदी शब्दशः म्हणत असे. शाळेत बाईमाणसासाठी संडास नव्हता. मास्तर लोक मागच्या भिंतीआड जाऊन येत. बायकांनी मात्र सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, अशी रीतच पडली होती. नवीन बाई रुजू झाली की जुन्या तिला आधी हे शिकवत. आत्याला मुतखड्याने पार लोळवलं. "भरपूर पाणी प्या, नाहीतर किडनी जाईल," असं डॉक्टरांनी बजावलं. तिने अर्जांवर अर्ज केले. पुढच्या शिक्षकदिनाला जरा जाड शाल आली.

मग एका वर्षी आत्याने सत्काराची सगळी व्यवस्थाच स्वतःकडे घेतली. मी मदतीला होतो. प्रमुख पाहुणे होते कॅम्पातले एक सिंधी शेठ, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. आत्याने त्यांना आधी शहाळं पाजलं, मग लिंबू सरबत, मग "आमच्या मुलींनी केलंय हो" म्हणून ताक. शेठजी "टीचर तो माँ होती है" वगैरे छान बोलून बसले आणि आत्या आभार मानायला उभी राहिली. माईकवाल्यापासून फळा पुसणाऱ्या पोरांपर्यंत तिने एकालाही सोडलं नाही. शेठजी खुर्चीत चुळबुळ करू लागले. मास्तर लोकांच्या त्या मागच्या भिंतीआड आत्याने पहिलीची पोरं आधीच ओळीने बसवून ठेवली होती. शेवटी शेठजींनी हळूच विचारलं, "मॅडम, वो... टॉयलेट किधर है?"

आत्या माईकवरूनच म्हणाली, "शेठजी, टॉयलेट नहीं है. हम लोग शाम को घर जाके जाते हैं. आप थोडा बैठो, अभी मंडपवाले का आभार बाकी है."

शेठजी रागावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दिवाळीच्या सुट्टीत संडास बांधून झाला, चांगला नळासकट.

त्यानंतर मधल्या सुट्टीत आत्या तांब्याभांडं घेऊन फिरायची आणि तरुण बायांना दटावून पाणी पाजायची, "पी गं, पोटभर पी." स्वतः मात्र जेमतेम ओठ ओले करायची. मला कळलं तेव्हा मी चिडलोच. म्हटलं, "अगं, एवढं भांडून मिळवलंस, आता तू का पीत नाहीस?"

कुणापुढे कधी न ओशाळलेली माझी आत्या जराशी ओशाळली. म्हणाली, "इतकी वर्षं तहानेला गप्प बस, गप्प बस म्हणून दटावलं रे. आता बोलावलं तरी येत नाही ती."