मावशीने परत पाठवलेलं गाणं

माझी मावशी कपड्यांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवलेला शर्ट उलटा करून ती टाके बघते आणि चूक दिसली की लाल स्टिकर लावून परत पाठवते. बावीस वर्षांत तिने कुणाची भीडभाड ठेवलेली नाही. घरात माझी काय ठेवणार?

मी तिच्याच कारखान्यावर रॅपचा अल्बम केला. कोंदट हॉल, कुलूप लावलेल्या खिडक्या, बाथरूमला गेलं तरी घड्याळ बघत उभा राहणारा सुपरवायझर, सगळं त्यात होतं. रविवारी मावशीने इअरफोन लावून आठही गाणी ऐकली. मग माझ्या वहीतल्या तिसऱ्या गाण्यावर लाल स्टिकर चिकटवला.

"बाथरूमला दहा मिनिटं म्हणतेस. आम्हाला चारच मिळतात."

"अगं मावशी, 'दहा'ला यमक जुळतं!"

"यमक गेलं खड्ड्यात. एक आकडा चुकला, तर कारखानावाले सगळंच खोटं ठरवतील."

माझं डोकंच फिरलं. "मग तूच म्हण!"

तिने खरंच म्हटलं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून कपाटात बसून, अंगावर ब्लँकेट घेऊन, एका दमात.

अल्बम कारखान्यात पोचायला आठवडा लागला. तिथे काय झालं ते तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. मॅनेजरने मशिनं बंद करायला लावून फोनवर तेच गाणं वाजवलं.

"हा आवाज कुणाचा?"

साठ बायकांच्या माना खाली गेल्या. मावशी उठली आणि लाल स्टिकरचा रोल तिने त्याच्या हातात ठेवला.

"माझा. चूक सापडेल तिथे चिकटवा, साहेब."